व्यवस्थापनशास्त्राची प्रवेशपरीक्षा आणि आपले घर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



गुणगौरवाचे भाषण थोडक्यात आटोपावे असा शिष्टसंकेत आहे. मुलांचे लक्ष पारितोषिकांकडे व थोरांचे पंगतीकडे लागलेले असते, हे आम्ही जाणून आहोत. तथापि जो विषय आम्ही आज निवडला आहे, तो आपल्या पुष्कळ घरांत चिंतेचा होऊन बसला आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या, म्हणजे सर्वजण ज्यास एम. बी. ए. म्हणतात त्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी कशी करावी, अर्ज कसा करावा, आणि या कामी घराने व ज्ञातीने कोणते साहाय्य करावे व कोणते करू नये, हा तो विषय होय.

हा विषय आपणांस परका आहे असे कोणी समजू नये. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या व्यापारावर आपल्या कित्येक पिढ्यांचा चरितार्थ चालला. लग्नसराईपूर्वी किती माल भरावा, कोणास किती उधार द्यावे, मोडीचा भाव उतरला असता हात कसा आखडता घ्यावा, या सर्व गोष्टी आपल्या आजोबांनी रोजकीर्द व खतावणी यांच्या आधारे केल्या. व्यवस्थापन हा शब्द त्यांस ठाऊक नव्हता, पण व्यवहार ठाऊक होता. पुढे स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, कल्हईवाल्याची हाक ऐकू येईनाशी झाली आणि आपल्या पेठांतील दुकानांच्या फळ्या एकामागून एक कायमच्या लागल्या. त्या दुकानांची नातवंडे आज या शिक्षणाकडे वळत आहेत, हे स्वाभाविक आहे आणि स्वागतार्हही आहे.

या शिक्षणाची भारतातील दोन प्रमुख पीठे, कलकत्त्याची व अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, ही १९६१ साली स्थापन झाली. बंगलोरची संस्था १९७३ सालची. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून कार्य करीत आहे. २०१५ साली नागपुरास भारतीय व्यवस्थापन संस्था आली, आणि पवई येथील १९६३ सालच्या औद्योगिक अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संस्थेस २०२३ साली मुंबईची भारतीय व्यवस्थापन संस्था हे रूप मिळाले. यास्तव हे शिक्षण दूरदेशीचे राहिलेले नाही. दाराशी आलेल्या या विद्येच्या उंबरठ्यावर जी परीक्षा उभी आहे, तिचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे.

सर्वांत प्रसिद्ध परीक्षा कॅट ही होय. ती भारतीय व्यवस्थापन संस्था आळीपाळीने घेतात. २०२४ साली ती दोन तासांची होती व तिच्यात ६८ प्रश्न होते. तीन विभाग असून प्रत्येकास ४० मिनिटे नेमून दिलेली होती. पहिला विभाग इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनाचा व भाषेचा, दुसरा तक्ते, आकडे व तर्क यांचा, आणि तिसरा गणिताचा. एका विभागाची वेळ संपल्यावाचून दुसऱ्यात जाता येत नाही, व मागेही फिरता येत नाही. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा होतो. ज्या प्रश्नांस पर्याय नसतात व उत्तर स्वतः टंकावे लागते, तेथे वजाबाकी नाही.

येथे पालकांच्या एका गैरसमजाचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते. 'मुलास ९० मिळाले, तरी म्हणतात प्रवेश नाही, हा काय अन्याय!' असे उद्गार आम्ही ऐकले आहेत. हे ९० म्हणजे शंभरापैकी नव्वद गुण नव्हेत. यास पर्सेंटाइल म्हणतात. परीक्षेस बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या मागे आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार कॅटला बसले होते. ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे त्या वर्षी सुमारे २,९०० जण होते, आणि ९० मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे २९ हजार. याची दुसरी बाजू अशी की, सर्व प्रश्न सोडविण्याची मुळीच आवश्यकता नाही. एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळविणारा उमेदवारही या परीक्षेत फार वरच्या स्थानी जाऊन बसतो. शाळेत 'एकही प्रश्न सोडू नकोस' असे आपण मुलांस शिकविले. येथे कोणता प्रश्न सोडून द्यावा, हेच प्रथम शिकावे लागते.

दुकानात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक पटविलेच पाहिजे असा हट्ट धरणारा दुकानदार एका चिकित्सक गिऱ्हाइकापुढे तासभर भांडी मांडीत बसतो आणि दरम्यान चार घेणारी गिऱ्हाइके पायरी उतरून जातात. परीक्षेतही हेच घडते. कठीण प्रश्नाशी अभिमानाने झुंजत बसलेला विद्यार्थी पुढचे तीन सोपे प्रश्न न वाचताच बाहेर येतो. आता हिशेबाची एक गोष्ट पाहू. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील. तीन गुण आले, तीन गेले, हाती शून्य राहिले आणि वेळ गेला तो वेगळाच. परंतु विचार करून दोन पर्याय निश्चित बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंपैकी एक निवडणे फायद्याचे ठरते. दोन प्रश्नांत सरासरीने तीन येतात व एक जातो. उलटपक्षी महाराष्ट्र शासनाची जी सीईटी असते, तिच्यात २०२५ साली १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीबद्दल वजाबाकी नव्हती. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हा निव्वळ तोटा होय. ज्या परीक्षेस बसावयाचे तिचा त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा. शेजाऱ्याच्या मुलाने केले तसे करू नये.

गणिताचे भय बाळगणाऱ्यांस आम्ही सांगू की, या परीक्षेतील बरेचसे गणित दहावीपर्यंतच्या पायावर उभे आहे. टक्केवारी, प्रमाण, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा हे विषय आपल्या घरांत दुपारच्या गप्पांत होते. पूर्वी पंतोजी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी व औटकी पाठ करून घेत. आज परीक्षेच्या पडद्यावर गणकयंत्र उपलब्ध असते. परंतु साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, हे ज्यास तत्क्षणी सुचते तो यंत्राकडे हात नेण्यापूर्वीच उत्तर लिहून मोकळा होतो. ज्यांच्या घरी आजोबा-आजी आहेत त्यांनी ही जुनी पाढ्यांची विद्या त्यांच्याकडून अवश्य घ्यावी.

इंग्रजीचे भय याहून मोठे आहे, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींस. २०२४ सालच्या त्या विभागातील २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवरील होते. येथे शब्दकोश घोकून फारसे साधत नाही. लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो व काय म्हणत नाही, एवढे ओळखता आले पाहिजे. यास आम्ही एक उपाय सुचवितो, तो आम्ही स्वतः काही विद्यार्थ्यांकडून करवून पाहिला आहे. रोज एक इंग्रजी लेख वाचावा. विषय आवडीचा नसला तर अधिक उत्तम. मग पुस्तक मिटून त्याचा मथितार्थ चार ओळींत मराठीत लिहावा. जे समजले तेच मातृभाषेत उतरते, न समजलेले उतरत नाही. पहिला महिना कंटाळा येतो, दुसऱ्या महिन्यात गोडी लागते.

आता तयारीच्या क्रमाविषयी. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते, असे धरून चालावे. वर्षाच्या पूर्वार्धात पाया पक्का करावा, पावसाळ्यात विभागवार सराव करावा आणि गणपती उठल्यावर पूर्ण वेळेच्या सराव परीक्षा घड्याळ लावून द्याव्या. येथे पुष्कळांची चूक होते. सराव परीक्षा देऊन मिळालेले गुण ते मित्रांस सांगतात व दुसऱ्या दिवशी नवी परीक्षा देतात. दोन तासांची परीक्षा दिली, तर किमान तेवढाच वेळ तिच्या तपासणीस द्यावा. एक वही करावी. तिच्यात प्रत्येक चूक का झाली हे लिहावे. कळले नाही म्हणून, घाई झाली म्हणून, की सोडावयाचा प्रश्न धरून बसलो म्हणून? आपल्या दुकानात उधारीची वही असे व ती दर सोमवारी उघडली जाई. ही चुकांची वहीही आठवड्यास एकदा उघडावी. क्लास लावावा की नाही, असे पालक विचारतात. ज्यास शिस्त लावणारे कोणी हवे असेल त्याने लावावा. परंतु फी भरली म्हणजे अभ्यास झाला, असा समज मात्र करून घेऊ नये.

घरचे कर्तव्यही येथेच सांगतो. नोव्हेंबरअखेर म्हणजे तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली असते. चुलतभावाच्या साखरपुड्यास आली नाही म्हणून एखाद्या मुलीस चारचौघांत बोल लावले जातात. मुलास 'अभ्यास आहे' म्हणून सोडतात आणि मुलीस त्याच महिन्यात पाहुण्यांचा चहा करावयास उठवितात, हेही आम्ही आपल्याच घरांत पाहिले आहे. मातांनो, पितरांनो, त्या मुलीस चार महिने दार लावून बसू द्या. त्याहून मोठी पारितोषिके या व्यासपीठावरून देता येणार नाहीत.

परीक्षा झाली म्हणजे अर्धे काम झाले. पुढे दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव यांचाही विचार होतो. काही ठिकाणी लेखनपरीक्षा व बहुतेक ठिकाणी मुलाखत असते. काही संस्था, विशेषतः परदेशी विद्यापीठे, अर्जासोबत उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेले निबंध मागतात आणि शिफारसपत्रेही मागतात. परदेशी जाणारे बहुधा जीमॅट नावाची परीक्षा देतात. नोव्हेंबर २०२३ पासून तिचे नवे स्वरूप सुरू झाले असून ती सव्वादोन तासांची, ६४ प्रश्नांची आहे व तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात. या अर्जलेखनासंबंधी आमच्या हातून घडलेली एक चूक आज आपणांसमोर कबूल करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या भगिनीच्या मुलास परीक्षेत उत्तम यश मिळाले आणि एका नामांकित संस्थेने त्याच्याकडून निबंध मागविला. आयुष्यात घेतलेल्या एका निर्णयाविषयी लिहा, असा विषय होता. आमची उभी हयात बँकेच्या नोकरीत, इंग्रजी पत्रव्यवहारात गेली. भगिनी म्हणाली, 'दादा, तुम्हीच लिहून द्या.' आम्हांसही त्यात भूषण वाटले. ग्रामीण कारागिरांस जगाची बाजारपेठ मिळवून देण्याचा भाच्याने निर्धार केला आहे, असा दोन पानांचा घाटदार मजकूर आम्ही रात्रीत लिहिला. तो वाचून घरातील सर्वांनी माना डोलावल्या. भाच्याने मात्र मान खाली घालून तो पाठविला.

मुलाखतीत त्यास पहिलाच प्रश्न विचारण्यात आला: आपण कोणकोणत्या कारागिरांस भेटलात, आणि त्यांस भांडवल किती व्याजाने मिळते? भाचा एकाही कारागिरास भेटलेला नव्हता. पुढील सारी मुलाखत त्या एका मौनात बुडाली. घरी आल्यावर तो आम्हांवर रागावला नाही. एवढेच म्हणाला, 'मामा, त्यांनी विचारलं ते मला माहीतच नव्हतं. ते तुम्ही लिहिलं होतं.'

याहून खेदाची गोष्ट पुढे आहे. या मुलाजवळ स्वतःची अशी एक हकीकत होती आणि ती आम्हांस ठाऊक होती. त्याच्या वडिलांकडील आजोबांचे दुकान बंद करण्याची वेळ आली तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता. सारा माल मोडीच्या भावाने एकदम विकून टाकावा, असे घरातील सर्वांचे मत होते. याने चार महिने दुकानात बसून माल निवडला. समया, ताम्हने, घंटा व पूजेची भांडी यांस अजून गिऱ्हाईक आहे, हे त्याने पेठेत हिंडून पाहिले आणि ती दिवाळीपर्यंत राखून किरकोळीत विकली. पराती, घंगाळी व हंडे मोडीत दिले. उधारीच्या वह्या काढून त्याने आजोबांसमवेत प्रत्येक नाव वाचले. ज्यांची ऐपत होती त्यांस हप्ते बांधून दिले, आणि ज्या घरांत कर्ता पुरुष उरला नव्हता त्यांची बाकी आजोबांच्या संमतीने खोडली. निर्णय म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मग आम्ही हे का लिहिले नाही? बंद पडलेल्या दुकानाची गोष्ट त्या मोठ्या संस्थेपुढे मांडण्याची आम्हांस लाज वाटली. मुलास वाटली नव्हती. ती लाज आमची होती, आणि तिची किंमत त्याने एक वर्ष देऊन भरली.

दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा परीक्षा दिली आणि अर्ज स्वतः लिहिला. इंग्रजी साधे होते. व्याकरणाच्या दोन चुका त्याच्या जुन्या शिक्षिकेने दाखविल्या, त्या त्याने दुरुस्त केल्या. पूर्वीच्या संस्थेत त्यास प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या एका चांगल्या संस्थेत मिळाला. मुलाखत घेणाऱ्यांनी उधारीच्या त्या वहीविषयीच बराच वेळ विचारपूस केली आणि एकाही प्रश्नास तो अडखळला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, यावरून आम्ही जे शिकलो ते एवढेच की, परीक्षेची तयारी दुसऱ्याच्या मदतीने करता येते, पण अर्ज दुसऱ्याने लिहून चालत नाही. आपला मजकूर कोणाकडून तपासून घ्या. तो कोणाकडून लिहवून घेऊ नका, मग तो लिहिणारा मामा असो वा यंत्र. आज संगणकास सांगितले असता तो क्षणात आमच्याहून घाटदार मजकूर लिहून देतो, आणि मुलाखतीत तोही आमच्याइतकाच निरुपयोगी ठरतो.

हाच न्याय शिफारसपत्रांस लागू आहे. आपल्या संस्थेच्या छापील कागदावर 'सदर विद्यार्थी सुस्वभावी, होतकरू व प्रतिष्ठित घराण्यातील असून' अशी पत्रे आपण वर्षानुवर्षे देत आलो. अशा पत्रांवर आम्ही स्वतः सह्या केल्या आहेत. ज्याच्या हाताखाली उमेदवाराने प्रत्यक्ष काम केले, त्या अधिकाऱ्याने वा प्राध्यापकाने त्याचे काम कसे होते हे लिहावे, अशी या विद्यापीठांची अपेक्षा असते. घराणे त्यांस नको असते. आमची नम्र सूचना आहे की, ही पत्रे देण्याची प्रथा मंडळाने बंद करावी.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. ज्यांस आरक्षणाचा लाभ लागू आहे त्यांनी दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यातील व त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे अद्ययावत आहे की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालेलच असे नाही, आणि अर्जात एकदा नोंदविलेला प्रवर्ग मागाहून बदलून मिळत नाही. खर्चाचे म्हणाल तर अग्रगण्य संस्थांची दोन वर्षांची फी २० लाख रुपयांच्या वर गेली आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळण्याची तरतूद आहे. परंतु कर्ज ते कर्जच. ज्या संस्थेची फी मोठी व नाव लहान, तेथे प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपल्या आजोबांनी तसेच केले असते.

शेवटी मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. आपल्या सभागृहाच्या माडीवरील खोली सकाळी सहा ते नऊ अभ्यासासाठी उघडी असावी आणि तेथे सराव परीक्षेपुरते दोन संगणक असावेत. ज्ञातीतील नोकरदार व उद्योजक मंडळींनी वर्षातून चार रविवार द्यावेत आणि मुलांच्या सराव मुलाखती घ्याव्यात. त्यांत कौतुक नको, खोचक प्रश्न हवेत. आणि शिक्षण निधीतून अर्जाची फी व मुलाखतीचा प्रवासखर्च मुलगा-मुलगी असा भेद न करता बिनव्याजी द्यावा. या तिन्ही गोष्टींस फार मोठा पैसा लागत नाही. सकाळी सहास कुलूप उघडणारा मनुष्य मात्र लागेल. ते काम या क्षणापासून आम्ही स्वतःकडे घेत आहोत.

ज्यांस यंदा यश आले नाही त्यांनी खिन्न होऊ नये. दोन तासांच्या परीक्षेने दोन तासांतील काम मोजले जाते, मनुष्य मोजला जात नाही. सोमवारी सकाळी माडीवर यावे, आणि येताना ती चुकांची वही बरोबर आणावी.